बुद्धिबळ शिकताना ओपनिंगचे (डावाच्या सुरुवातीचे) व्हिडिओ आधी की एंडगेमचे (डावाच्या शेवटच्या टप्प्याचे)?
नवख्याने एंडगेमच आधी घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. ओपनिंगचे व्हिडिओ रंगतदार असतात, पण सिसिलियन नायडॉर्फ या ओपनिंगच्या लांबलचक खेळ्या घोकल्या आणि समोरच्याने सहाव्याच खेळीला वाट बदलली, की पाठांतर तिथेच संपतं. शिक्षक खेळ्यांमागचा विचार सांगत असेल, तरच बघा.

एंडगेमचं ज्ञान टिकतं. फिलिडोर पोझिशन ही बचावाची मांडणी घ्या: समोर हत्ती आणि प्यादं, आपल्याकडे नुसता हत्ती. आपला राजा प्याद्याच्या वाटेत, हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या ओळीत. समोरचा राजा तिथे अडतो. प्यादं त्या ओळीत शिरलं, की हत्ती पलीकडच्या टोकाला न्यायचा आणि मागून शह देत राहायचं. डाव बरोबरीत! मात्र इथे नुसतं बघणं पुरत नाही. व्हिडिओ थांबवून दोन्ही बाजूंनी खेळून पाहा.