आल्बारासिन: मुक्काम करा, आणि 30 एप्रिलची रात्र धरून करा

स्पेनमधल्या तेरुएल शहरातून सकाळी आल्बारासिनला यायचं, फोटो काढायचे आणि संध्याकाळी परतायचं, असा बेत बरेच जण करतात. अंतर जेमतेम 38 किलोमीटर, त्यामुळे मोह होतोच. मी आणि धाकटी बहीण तीन रात्री राहिलो, आणि चौथीही राहायला हवी होती असं वाटतंय.

हजारेक वस्तीचं गाव, ग्वादालाविआर नदीच्या वळशात, कड्यावर चढलेलं. नाव अकराव्या शतकात इथे राज्य करणाऱ्या बनू रझीन या बर्बर घराण्यावरून आलंय. घरांना इथल्याच जिप्समचा गिलावा असतो. त्यात लोह असल्यानं सगळं गाव गेरूनं सारवल्यासारखं दिसतं, आणि ऊन कललं की तो रंग आणखी गडद होतो. वरचे मजले लाकडी चौकटींवर पुढे आलेले, गल्लीत आभाळाची फक्त पट्टी उरते. मोलिना वेशीजवळचं हुलियानेताचं घर इतकं वाकडं आहे, की बहीण आधी लांबूनच बघत राहिली.

आंदादोर बुरुजाचा चढ दमवतो, गुडघे दुखत असतील तर सावकाश जा. पण तटबंदी उघड्या डोंगरावरून कशी चढत गेलीय ते तिथूनच कळतं.

एक अख्खा दिवस रोदेनोच्या पाइनच्या जंगलाला द्या. लाल वालुकाश्म, राळेचा वास, आणि पडलं तर लागू नये म्हणून पाठीवर जाड गाद्या बांधून शिळा चढायला निघालेली पोरं. प्रादो देल नावाथोच्या कातळावर हजारो वर्षांपूर्वी रंगवलेले पांढरे बैल आहेत. 1998 पासून ही चित्रं जागतिक वारशात आहेत. समोर जाळी आहे, चित्रंही लहान. डोळे सरावेपर्यंत थांबा. पहिला बैल दिसला की बाकीचे आपोआप दिसू लागतात.

तक्रार एकच, खोलीबद्दल. गाव जवळजवळ 1,200 मीटर उंचीवर, एप्रिलअखेरीसही रात्री कडाका असतो आणि आमचा हीटर बंद होता. मालकांना दोनदा सांगूनही काही झालं नाही. खोली घेताना हे आधी विचारून घ्या.

तरी 30 एप्रिलच्या रात्री खोलीतलं पांघरूण दोघींत गुंडाळून आम्ही बाहेर पडलो. त्या रात्री इथे 'मायो' ही पारंपरिक गाणी गातात. गिटार आणि बांदुर्रिया हे तंतुवाद्य घेतलेली मंडळी आधी येशूच्या आईसाठी, मारियेसाठी गातात, मग गावातल्या मुलींसाठी. गाण्यात मुलीचं नखशिखांत वर्णन असतं, फक्त सुरुवात केसांपासून होते. आम्हाला स्पॅनिश येत नाही हे शेजारच्या आजींच्या लक्षात आलं. त्यांनी बहिणीच्या कपाळावर बोट टेकवलं, पुढच्या कडव्याला भुवईवर, मग नाकावर, आणि गाणं पावलांपर्यंत पोचेस्तोवर तिला असंच समजावत राहिल्या.