जुना स्टिरिओ, नवे स्पीकर: गाणी आणि चित्रपट या दोहोंसाठी काय घ्यावे?

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी घेतलेला स्टिरिओ ॲम्प्लिफायर अजून ठणठणीत आहे, त्याच्या जोडीचे स्पीकर मात्र घोगरे वाजू लागले आहेत आणि मधल्या काळात त्याच हॉलमध्ये मोठा टीव्ही येऊन बसला आहे, अशी स्थिती अनेक घरांत दिसते. नवे स्पीकर घ्यायचे ठरले की एकाच खरेदीत गाणीही नीट ऐकू यावीत आणि चित्रपटही रंगावेत, अशी अपेक्षा असते. त्यासाठी समोर साधारण सहा मार्ग असतात: जुनेच स्पीकर दुरुस्त करणे, लहान आकाराची बुकशेल्फ जोडी घेणे, उंच टॉवर स्पीकर घेणे, बुकशेल्फ जोडीला सबवूफर, म्हणजे फक्त खोल बेस वाजवणारा वेगळा स्पीकर, जोडणे, ॲम्प्लिफायर पोटातच असलेले ॲक्टिव्ह स्पीकर आणणे, किंवा सगळेच मोडीत काढून पाच-सहा स्पीकरांचे होम थिएटर बसवणे. दहा बाय पंधरा फुटांच्या हॉलसाठी माझे मत स्पष्ट आहे: आधी चांगली बुकशेल्फ जोडी घ्यावी आणि सबवूफरचा विचार दोन-चार महिन्यांनी, खरोखर उणीव जाणवली तरच करावा. हे मत सर्वांना लागू पडणार नाही, म्हणून त्यामागची कारणे सविस्तर मांडतो.

स्पीकर पाहायला निघण्यापूर्वी ॲम्प्लिफायरची पाठ पाहावी. तेथे प्रतिचॅनल किती वॅट आणि किती ओहमचा स्पीकर चालेल, हे छापलेले असते. नव्वदच्या दशकात खोक्यांवर ‘पीएमपीओ’ या नावाने हजार-दोन हजार वॅटचे आकडे मिरवत असत. त्यांना काहीही अर्थ नाही, आरएमएस, म्हणजे सतत मिळू शकणारी ताकद, हाच आकडा धरावा. तो बहुधा तीस ते पन्नास वॅटच्या दरम्यान निघतो आणि घरासाठी तेवढा पुरतो. पाठीवर 8 ते 16 ओहम असे लिहिले असेल, तर 4 ओहमचे स्पीकर कितीही आवडले तरी टाळावेत, कारण व्हॉल्यूमचे बटण त्याच जागी असताना ते 8 ओहमच्या स्पीकरपेक्षा दुप्पट प्रवाह ॲम्प्लिफायरकडून ओढतात, आतले आउटपुट ट्रान्झिस्टर तापतात आणि एखाद्या हाणामारीच्या प्रसंगात फ्यूज उडतो किंवा त्याहून महाग असे काहीतरी जाते. 6 ओहमची जोडी बेताच्या आवाजात बहुतेक वेळा निभावते.

दुसरी तपासणी मल्टीमीटरची आहे आणि ती कोणत्याही रेडिओ दुरुस्ती करणाऱ्याकडून पाच मिनिटांत होते. स्पीकरच्या तारा काढून टाकाव्यात, व्हॉल्यूम शून्यावर ठेवावा, ॲम्प्लिफायर दहा मिनिटे चालू ठेवावा आणि मग लाल-काळ्या टर्मिनलवर डीसी मिलिव्होल्ट मोजावेत. आकडा पन्नासच्या खाली असेल तर निश्चिंत राहावे. काही शे मिलिव्होल्ट दिसले तर आधी दुरुस्ती आणि मग खरेदी, असा क्रम ठेवावा, कारण हा एकदिश दाब स्पीकरच्या कॉइलला सतत तापवत राहतो. व्हॉल्यूमचे बटण फिरवताना येणारी खरखर ही मात्र क्षुल्लक बाब आहे. काँटॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्याने ती बहुधा जाते.

जुने स्पीकर टाकून देण्याआधी त्यांची जाळी काढून वूफरची, म्हणजे बेस वाजवणाऱ्या मोठ्या गोलाची, कड पाहावी. ती फोमची असेल तर आपल्या दमट हवेत, विशेषतः कोकण, मुंबई आणि गोव्यात, तिचा भुगा झालेला असतो. बोट लावताच काळी पूड हाताला लागते. चार बोटांनी कोन, म्हणजे मधला शंकू, हलकेच मागे दाबावा. घासल्याचा आवाज आला नाही, तर कॉइल शाबूत आहे आणि नवी कड चिकटवून स्पीकर पुन्हा उभा राहू शकतो. मूळ जोडी नामांकित असेल तर हा सर्वांत स्वस्त आणि पुष्कळदा सर्वांत समाधानाचा मार्ग ठरतो. स्टिरिओसोबत फुकट आलेले हलक्या लाकडाचे खोके असतील, तर त्यांवर खर्च करू नये.

आता नव्या जोडीकडे वळू. माहितीपत्रकातील ज्या आकड्याकडे खरेदीदार सहसा पाहत नाहीत, तोच येथे निर्णायक आहे: सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एक वॅट दिल्यावर एक मीटर अंतरावर मिळणारा आवाज. व्हार्फडेलच्या डायमंड 12.1 या लहान जोडीचा किंवा क्यू अकूस्टिक्सच्या 3020आयचा हा आकडा 88 डेसिबल आहे, केईएफच्या एलएस50चा 85, तर हॉर्नचा (कर्ण्याचा) ट्वीटर, म्हणजे वरचे सूर देणारा लहान भाग, वापरणाऱ्या क्लिप्शच्या आर-51एमचा 93. फरक किरकोळ दिसतो, परंतु तीन डेसिबल वाढवण्यासाठी दुप्पट वॅट लागतात. चाळीस वॅटचा ॲम्प्लिफायर आणि तीन मीटरवरचा सोफा धरला, तर 88ची जोडी पूर्ण ताकदीवर साधारण शंभर डेसिबलपर्यंत पोहोचते आणि 93ची जोडी 105च्या आसपास जाते. चित्रपटगृहाच्या मानकात पडद्यामागच्या प्रत्येक स्पीकरने क्षणिक शिखराला 105 डेसिबल देणे अपेक्षित असते. सदनिकेत तसे कोणी वाजवत नाही आणि वाजवले तर सोसायटीचे पत्र येते. म्हणून 87-88ची जोडी चाळीस वॅटना पुरेशी आहे. छापील 93 हा आकडाही जपून घ्यावा, कारण काही कंपन्या खोलीच्या भिंतींवरून परतणारा आवाज गृहीत धरून तो दोन-तीन डेसिबलने फुगवतात. पंधरा-वीस वॅटचाच ॲम्प्लिफायर असलेल्यांनी मात्र क्लिप्शसारख्या जोडीचा विचार अवश्य करावा; तिचा ट्रेबल, म्हणजे वरच्या सुरांचा भाग, थोडा चढा वाटतो आणि नुसत्या फरशीच्या, पडदे नसलेल्या हॉलमध्ये तो टोचू शकतो, एवढे ध्यानात ठेवावे.

याच्या दुसऱ्या टोकाला बीबीसीने 1970च्या दशकात बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी तयार केलेला एलएस3/5ए हा छोटा स्पीकर आहे. निवेदकाचा आवाज खरा उमटतो की नाही हे दाटीवाटीच्या गाडीत बसून पारखता यावे, हा त्याचा हेतू होता. मानवी आवाजासाठी त्याचे नाव आजही आदराने घेतले जाते आणि त्याच धाटणीचे नवे स्पीकर अजून बनतात. पण त्याची सेन्सिटिव्हिटी 83 डेसिबलच्या आसपास आणि खालचा बेस जेमतेम. रात्री मंद आवाजात ख्याल ऐकणाऱ्याला तो वेड लावील. युद्धपट पाहणाऱ्याच्या पदरी निराशा येईल.

गाणी आणि चित्रपट यांच्या मागण्या कोठे वेगळ्या होतात, हे यातून दिसते. काळी एकच्या पट्टीत गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज साधारण 138 हर्ट्झवर असतो आणि त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार 69 हर्ट्झवर. म्हणजे 65 हर्ट्झपर्यंत उतरणारा पाच इंची वूफर शास्त्रीय मैफल, नाट्यपद, भावगीत किंवा जुने चित्रपटगीत यांतले जवळजवळ सारे काही देऊ शकतो. डग्ग्याची घुमक भरदार हवी असेल तर साडेसहा इंची वूफर असलेला डायमंड 12.2 किंवा क्यू अकूस्टिक्स 3030आय घ्यावा. हे पन्नास हर्ट्झच्या आसपास पोहोचतात आणि दोन्ही गरजा एकाच जोडीवर भागवायच्या असतील तर माझी निवड याच आकाराची राहील. चित्रपटातील स्फोट, विमाने आणि गडगडाट यांचे मुख्य वजन मात्र वीस ते चाळीस हर्ट्झमध्ये असते. शिवाय चित्रपटाच्या ध्वनिपट्टीतील दणक्यांचा स्वतंत्र चॅनल टीव्हीने दोन चॅनलचे मिश्रण तयार करताना बहुधा गाळलाच जातो, त्यामुळे स्टिरिओवर ऐकताना तो भाग स्पीकरपर्यंत पोहोचतही नाही. स्पीकर कितीही मोठा घेतला तरी ही उणीव भरून निघत नाही.

टॉवर स्पीकरचा मोह याच कारणाने थोडा आवरता येतो. त्यांना स्टँड लागत नाही आणि चांगला टॉवर मोठ्या आवाजातही ताणल्यासारखा वाटत नाही, हे खरे. पण त्याला मागच्या भिंतीपासून निदान दीड फूट मोकळी जागा हवी आणि आपल्या हॉलमध्ये ती जागा शोकेस, दिवाण आणि चपलांच्या कपाटाने आधीच व्यापलेली असते. कोपऱ्यात रेटलेला टॉवर बेस फुगवतो आणि गायकाचा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो. पंधरा फूट लांबीची खोली स्वतःच सुमारे 38 हर्ट्झला आणि दहा फूट रुंदीची बाजू 56 हर्ट्झला घुमते. टॉवर नेमका तेथेच भर घालतो. वाड्यातला माजघरासारखा प्रशस्त दिवाणखाना किंवा बंगल्यातली वीस फुटी बैठक असेल तर गोष्ट वेगळी, तेथे टॉवरच शोभतो.

सबवूफरबाबत एक गैरसमज असा की जुन्या ॲम्प्लिफायरला तो जोडता येत नाही. अनेक सबवूफरना स्पीकरच्या तारा थेट घेणारी टर्मिनल असतात. ॲम्प्लिफायरच्या ज्या टर्मिनलवरून स्पीकर चालतो, तेथूनच दुसरी तार सबवूफरकडे न्यायची. मात्र सबवूफरला तसा इनपुट आहे ना, आणि ॲम्प्लिफायर ब्रिज पद्धतीचा नाही ना, हे तंत्रज्ञाला विचारून घ्यावे. खर्ज ज्या टप्प्यावर स्पीकरकडून सबवूफरकडे सोपवला जातो तो साठ ते ऐंशी हर्ट्झच्या दरम्यान ठेवावा आणि त्याचा आवाज इतकाच की तो बंद केल्यावर उणीव भासावी, चालू असताना त्याचे अस्तित्व वेगळे कळू नये. जागा ठरवण्याची जुनी युक्ती अशी: सबवूफर तात्पुरता आपल्या बसण्याच्या जागी ठेवावा, बेस भरपूर असलेले गाणे लावावे आणि गुडघ्यांवर रांगत भिंतीकडेने फिरावे, जेथे बेस सर्वांत सुटसुटीत ऐकू येतो तेथे सबवूफरचे ठिकाण. खाली रबरी पॅड अवश्य घालावे, तरीही स्लॅबमधून जाणारा थरथराट पुरता अडत नाही. खालच्या मजल्यावर लहान मूल किंवा वृद्ध असतील तर हा खर्च टाळलेलाच बरा, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

टीव्हीशी जोडणी ही वेगळी कटकट आहे. जुन्या ॲम्प्लिफायरला लाल-पांढऱ्या आरसीए पिना लागतात, तर नव्या टीव्हीला बहुधा ऑप्टिकल आणि एचडीएमआय एवढेच मिळते. मध्ये डिजिटल आवाज जुन्या ॲम्प्लिफायरला कळेल अशा रूपात बदलणारा एक छोटा डॅक बसवावा लागतो आणि टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ निवडावे लागते. डॉल्बी चालू राहिले तर स्पीकरमधून काहीच येत नाही किंवा नुसती खरखर येते. ऑप्टिकलवरून आवाजाची पातळी बहुधा स्थिर राहते, म्हणजे टीव्हीचा रिमोट निरुपयोगी ठरतो आणि जाहिरात लागताच कोणाला तरी उठून बटण फिरवावे लागते. टीव्हीला हेडफोनचे भोक असेल तर तेथून तार काढावी; दर्जात किंचित घट येते, पण घरातली शांतता टिकते. ब्लूटूथने चित्रपट ऐकू नयेत, कारण शब्द ओठांच्या मागे राहतात.

हीच कटकट ज्यांना नको, त्यांच्यासाठी ॲक्टिव्ह स्पीकर आहेत. एडिफायरच्या आर1280डीबीसारख्या जोडीत ऑप्टिकल, ब्लूटूथ आणि रिमोट सारे आतच मिळते आणि एकूण ताकद 42 वॅट असते. लहान खोलीसाठी, भाड्याच्या घरासाठी किंवा ज्याचा ॲम्प्लिफायर वरच्या तपासणीत नापास झाला आहे त्याच्यासाठी हा व्यवहारी मार्ग आहे. मात्र आतला एखादा भाग गेला की संपूर्ण जोडी गप्प होते, आणि चालता जुना ॲम्प्लिफायर असताना ती आणणे मला तरी पटत नाही.

होम थिएटरचा खरा फायदा मागून येणाऱ्या आवाजांपेक्षा टीव्हीखालच्या मधल्या स्पीकरचा आहे. दोन स्पीकरांमध्ये संवाद पडद्यातून येतात असा भास होतो, परंतु तो मधोमध बसणाऱ्यालाच. सोफ्याच्या कडेला बसलेल्या आजीला ते जवळच्या स्पीकरमधून ऐकू येतात. चार-पाच माणसे रोज एकत्र चित्रपट पाहत असतील आणि गाणी क्वचितच लागत असतील, तर बुकशेल्फचा आग्रह सोडून नवा एव्ही रिसीव्हर, म्हणजे टीव्हीला जोडून पाच-सहा स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर, घ्यावा. बुकशेल्फ जोडी आधीच घेतली असेल तरी ती पुढच्या दोन स्पीकरांचे काम करतेच. एका खोक्यात येणारे पाच-सहा स्पीकरांचे स्वस्त संच मात्र संगीताची माती करतात.

खरेदीला मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा, पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात जा किंवा मोठ्या दालनात जा. आपल्या कानांना परिचित अशी दोन-तीन ध्वनिमुद्रणे सोबत न्यावीत, त्यांत एक तानपुऱ्यासह गायन, एक भरगच्च वाद्यमेळाचे गाणे आणि एक संवादप्रधान प्रसंग असावा. दोन जोड्यांची तुलना करताना विक्रेत्याला दोन्हींचा आवाज सारख्याच पातळीवर आणायला सांगावे, मोबाइलवरचे डेसिबल मोजणारे ॲप त्यासाठी पुरते. किंचित मोठ्याने वाजणारी जोडी कानाला नेहमीच अधिक चांगली वाटते, आणि जास्त सेन्सिटिव्हिटीची जोडी त्याच बटणावर मोठ्याने वाजणारच.