‘शून्य रेझिस्टन्स’च्या प्लग वायर: माझी फसगत

प्लग वायर म्हणजे इग्निशन कॉइलचा हजारो व्होल्टचा झटका स्पार्क प्लगपर्यंत नेणारी वायर. ती विकणाऱ्याने मला आधी मल्टिमीटर दाखवला, मग ठिणगी दाखवली. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्यांचा अर्थ मात्र त्याने उलटा सांगितला आणि मी मान डोलावली.

इंजिन चार सिलिंडरचं, दोन कार्बोरेटरचं, डिस्ट्रिब्युटर (झटका एकेका प्लगला वाटणारा भाग) आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन बॉक्स असलेलं. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलेलं. जुन्या कार्बन कोअरच्या (कार्बनचा गाभा असलेल्या) वायर उष्णतेने कडक झाल्या होत्या, त्यामुळे बदलायच्या होत्याच. त्याने लालभडक, करंगळीएवढा जाड सेट समोर ठेवला. “10 मिमी, प्युअर सिलिकॉन, स्पायरल कोअर, रेझिस्टन्स शून्य. नुसत्या वायरने पॉवर वाढेल.” मीटर लावला तर आकडा खरंच शून्याजवळ. माझ्या जुन्या वायरचा काही हजार ओहम. मग कॉइलला वायर जोडून उघड्यावर प्लगमधून ठिणगी उडवून दाखवली. ठिणगी पांढरीशुभ्र, आवाज ताडताड. मी तिथेच पाघळलो.

गाडी आयडलला (उभ्या उभ्या, थ्रॉटल न देता) घड्याळासारखी. पण ट्रॅकवर पूर्ण थ्रॉटलला 5,500 आरपीएमच्या वर मिसिंग (मधेमधे ठिणगी चुकणं) सुरू झालं आणि टॅकोमीटरचा, म्हणजे आरपीएम दाखवणारा काटा वेड्यासारखा नाचायला लागला. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर मिश्रण लीन (पेट्रोल कमी) दाखवत होता, म्हणून आम्ही कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी छिद्रं, मोठी केली. मग आणखी मोठी केली. प्लग काळे पडले, पेट्रोलचा वास यायला लागला, मिसिंग तसंच. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी! ज्या सिलिंडरमध्ये ठिणगी चुकते तिथला न जळलेला ऑक्सिजन तसाच एक्झॉस्टमध्ये जातो आणि सेन्सरला तो लीन वाटतो, हे मला माहीत होतं. पण वायर नवी कोरी, महागाची. तिच्यावर संशय घ्यायला मन तयार नव्हतं. चार रेस अशाच गेल्या.

शेवटी वैतागून एकदा जुन्या वायर परत लावल्या. काटा शांत. रात्री अंधारात नवा सेट पुन्हा चढवला, बॉनेट उघडं ठेवून स्प्रेने पाण्याचा हलका फवारा मारला (हात लांब ठेवून, हे हजारो व्होल्टचं काम आहे). दोन वायरच्या मधून आणि एका बुटाच्या (वायरच्या टोकाच्या रबरी टोपीच्या) कडेने निळ्या रेघा धावल्या. सकाळी एक वायर कापली. वरून कीर्तन, आतून तमाशा: वर लाल पातळ थर, खाली मऊ काळं रबर, मधोमध तांब्याच्या चार-पाच बारीक तारा. स्पायरल नाहीच. एक तुकडा बाहेर मोकळ्या जागी पेटवून पाहिला. सिलिकॉन रबर जळून पांढरी राख राहते. याचा काळा धूर आणि काजळी झाली.

म्हणजे त्याने दाखवलेला शून्याचा आकडा हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा होता. स्पायरल वायरमध्ये फेराइट मिसळलेल्या गाभ्यावर बारीक तार गुंडाळलेली असते, त्यामुळे मीटरवर दर मीटरला काहीशे ते दोन-एक हजार ओहम दिसायलाच हवेत. शून्य म्हणजे साधी सरळ तार. अशी तार रेडिओसारखे गडबडीचे तरंग फेकते, आणि इग्निशन बॉक्स, टॅकोमीटर, रेव्ह लिमिटर (आरपीएमवर मर्यादा घालणारा) सगळे त्याला फसतात. मॅग्नेटोवरच्या (बॅटरीविना ठिणगीची वीज बनवणाऱ्या यंत्रावरच्या) जुन्या, इलेक्ट्रॉनिक्स नसलेल्या इंजिनांत ती चालून जाते. माझ्यात नाही.

‘कमी रेझिस्टन्स म्हणजे जास्त पॉवर’ हीच मूळ थाप. ठिणगी उडेपर्यंत वायरमधून करंट जवळजवळ वाहतच नाही, मग रेझिस्टन्स खाणार काय? उडाल्यावर करंट काही दहा मिलिअँपिअर. 50 मिलिअँपिअर आणि 2,000 ओहम धरा: 100 व्होल्ट. कॉइल वीस-तीस हजार व्होल्ट देऊ शकते, तिथे हे चिल्लर. वायर ऊर्जा निर्माण करत नाही, ती फक्त गळू द्यायची नसते. आणि उघड्यावरची ठिणगी काहीच सिद्ध करत नाही, कारण सिलिंडरमधला दाब वाढला की तीच फट ओलांडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. तेव्हा वीज सोपी वाट शोधते, आणि माझ्या सेटमध्ये ती वाट कच्च्या रबरातून होती. म्हणून आयडलला सगळं गोड, फुल थ्रॉटलला बोंब.

परत द्यायला गेलो तर म्हणाला, “कापलेली वायर घेत नाही, आणि बसवताना तुम्हीच चूक केली असेल.” बिलावर फक्त ‘वायर सेट’ लिहिलेलं. कोअरचा प्रकार आणि दर मीटरचा ओहम बिलावर लिहून घ्या. खरा माल असेल तर विकणारा कुरकुरत नाही. जाडीवर जाऊ नका, चांगली 8 मिमी वायर पुरते.

थोडं पाप माझंही. दिसायला नीटनेटक्या म्हणून मी चारही वायर एकत्र टायने आवळल्या होत्या. लागोपाठ फायर होणाऱ्या सिलिंडरच्या वायर अशा शेजारी बांधल्या तर एकीतला झटका दुसरीत उतरतो. आता मध्ये सेपरेटर आहेत, हेडरपासून (तापलेल्या एक्झॉस्ट पाइपांपासून) अंतर आहे, सेन्सरच्या वायरला फक्त काटकोनात ओलांडू देतो. बूट फिरवून सैल करतो मग ओढतो, वायरला धरून कधीच नाही. बुटात आत डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात.

नव्या स्पायरल सेटचे चारही आकडे वहीत लिहून ठेवलेत, प्रत्येक रेसआधी वायर हलवत हलवत पुन्हा मोजतो. गेल्या वेळी तिसऱ्या सिलिंडरचा आकडा स्थिर राहीना. बूट उलटून पाहिलं तर टर्मिनलचं क्रिम्प (वायरवर दाबून बसवलेली पकड) सैल होतं. नवं टर्मिनल चढवलं, आकडा वहीतल्याइतका झाला आणि गाडी रांगेत लावली.