तिसऱ्या दिवशी आराम देणारी पुडी

माझे वय 34 असून मी अमळनेर तालुक्यात कपाशीची शेती करतो. 22 व्या वर्षी कबड्डी खेळताना माझा उजवा गुडघा पिळवटला, आतून आवाज आला आणि तो टम्म सुजला. तरीही पट्टी बांधून तीन आठवड्यांत मी पुन्हा मैदानात उतरलो. गेल्या वर्षी पाठीवर 16 लिटरचा फवारणी पंप असताना तोच गुडघा मध्येच लचकू लागला.

आठवडे बाजाराजवळच्या एका गाळ्यातील वैद्य अहिराणीत बोलत असल्यामुळे मला तो आपला माणूस वाटला. वंगण आटले आहे, आपल्या पुडीने ते पुन्हा भरेल, ऑपरेशन लागणार नाही, असे सांगून त्याने तीन महिन्यांचे 13,500 रुपये घेतले. पावती दिली नाही आणि पुडीवर नावही नव्हते.

तिसऱ्या दिवशी वेदना थांबली. खरी फसवणूक या आरामातच होती, कारण गुडघा बरा झाला असे समजून मी अख्खा हंगाम त्यावर पूर्ण भार टाकला. पुढे चेहरा सुजला, रक्तातील साखर वाढली आणि जळगावच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी पुडीत स्टिरॉइड, म्हणजे सूज आणि वेदना झटपट दाबणारे औषध, असल्याची शंका घेतली. तपासणीत सकाळचे कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवते ते स्टिरॉइड, फारच कमी निघाले. एमआरआयमध्ये हाडांना जोडणारा जुना तुटलेला लिगामेंट, गुडघ्यातली फाटलेली गादी आणि झिजू लागलेली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, दिसली. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे ती झिजली की पहिल्यासारखी भरून येत नाही. अशा दुखापतीनंतर सुमारे निम्म्या लोकांना 10 ते 20 वर्षांत संधिवाताच्या खुणा दिसतात, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. हेच मला 22 व्या वर्षी कोणी सांगायला हवे होते.

आता मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि वजन कमी करणे सुरू आहे, आणि पायऱ्या चढताना फरक जाणवतो. पैसे मात्र गेले. गाळ्याला कुलूप आहे. उरलेल्या दोन पुड्या मी तक्रारीसोबत अन्न व औषध प्रशासनाकडे दिल्या. आपल्या घरी अशी पुडी चालू असेल, तर ती फेकू नका आणि मनाने एकदम बंदही करू नका, कारण जास्त दिवस बाहेरून स्टिरॉइड मिळाल्यावर शरीर स्वतःचे बनवणे थांबवते आणि अचानक तुटवडा जिवावर बेतू शकतो. पुडी सोबत घेऊनच डॉक्टरांकडे जा.