पाचटाचं आच्छादन: जूनपासून फेब्रुवारीपर्यंत वापरून

आधी निकाल सांगते. तण रोखण्यासाठी मातीवर पाचटाचं, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांचं, आच्छादन घालणार असाल, तर गणपतीनंतर ते जेवढं काम करतं त्याच्या निम्मंही ऐन पावसाळ्यात करत नाही. आणि तण माजतं ते पावसाळ्यातच. हे विकणारे सांगत नाहीत, व्हिडिओ करणारेही सांगत नाहीत. तरीही पुढच्या वर्षी मी आच्छादन करणारच आहे.

आमचं घर सातारा जिल्ह्यात, उसाच्या पट्ट्यात. मागे दीड गुंठ्याची परसबाग. वांगी, मिरची, टोमॅटो, गवार, कडेला दोडक्या-कारल्याचा मांडव आणि मेथी-कोथिंबिरीचे दोन वाफे. जमीन काळी, भारी. पाऊस लागला की चार दिवस पाय घालता येत नाही आणि वाफसा येईतो, म्हणजे माती कामाजोगी सुकेतो, तण वीतभर झालेलं असतं.

पाचट निवडलं कारण ते फुकट. ऊस तुटून गेला की लोक फडातच पेटवून देतात, त्याआधी मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही. भाताचा पेंढा, कडबा हे आमच्याकडे जनावराच्या तोंडचे. ते मातीवर पसरलं तर घरातच भांडण होईल. पाचट हाताळताना मात्र पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. त्याची बारीक कुसं हातात शिरली की संध्याकाळपर्यंत खाजवत बसावं लागतं. लांब पानं तशीच टाकली तर वाऱ्याने उडतात आणि मधे फटी राहतात. कुट्टी करून घेतलेलं पाचट जमिनीला नीट बसतं.

पद्धत साधी. पहिल्या पावसानंतर उगवलेलं तण खुरपून काढलं, रोपं लावली, ती जीव धरल्यावर ओल्या जमिनीवर ४ इंचांचा थर दिला. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवली. उभ्या तणावर पाचट टाकून ते मरेल अशी आशा ठेवू नका. पाचट वरच राहू द्या, मातीत मिसळू नका. मिसळलं की ते कुजवताना जिवाणू मातीतलाच नत्र ओढून घेतात आणि रोपं पिवळी पडतात. उसाच्या खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यांतून परत फुटलेल्या उसात, पाचट लवकर कुजावं म्हणून टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो जिवाणू संवर्धक टाकायची शिफारस आहे. ती इथे लावू नका. आपल्याला ते कुजायला नको आहे, टिकायला हवं आहे.

आता मुख्य मुद्दा, कोणतं तण थांबतं. बारीक बियांचं तण जवळजवळ बंद झालं. घोळ, तांदुळजा यांच्या बियांना उगवायला उजेड लागतो, तो तोडला की त्या मातीत पडून राहतात. गाजर गवताचंही तेच, वाफ्यात एखाददुसरं फटीतून यायचं तेवढंच. यावर सासूबाईंची तक्रार मात्र खरी आहे. “तण गेलं ते बरं झालं गं, पण घोळीची भाजी कुठनं आणायची?” पावसाळ्यात रानातून फुकट येणारी घोळ आणि तांदुळजा यंदा बांधावर शोधत फिरावं लागलं. शेवटी एक कोपरा त्यांच्यासाठी उघडा सोडला.

केना मात्र आच्छादनावर खूश असतो. त्याच्या कांडीला जरा ओल मिळाली की मुळ्या फुटतात. उपटून तिथेच पाचटावर टाकला तर आठवड्यात परत हिरवा. उपटलेला केना वाफ्याबाहेर न्या, नाहीतर शिजवा, भजी चांगली होतात.

हरळी थांबत नाही, पण तिची पकड सुटते. पाचटाखालून धावणाऱ्या तिच्या कांड्या पांढुरक्या, लांब होतात आणि मुळं वरवरच राहतात, त्यामुळे एक टोक धरून ओढलं की हातभर वेल सरळ निघून येते. पूर्वी कुदळीशिवाय हलायची नाही. माझ्या मते आच्छादनाचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे, आणि तो फारसा कुणी मोजत नाही.

लव्हाळ्यापुढे सगळेच हात टेकतात. जमिनीखाली त्याच्या गाठींची माळ असते आणि कोंबाचं टोक सुईसारखं. पाचटातून येतोच, प्लॅस्टिकलाही भोक पाडून वर येतो. जिथे लव्हाळा आहे तिथे आच्छादनावर पैसे घालू नका. एप्रिल-मेमध्ये ती जागा खोल खणून गाठी उन्हात वाळवा, वेचून काढा. सावली त्याला सोसत नाही, म्हणून तशा तुकड्यात मी रताळ्याचे वेल सोडले. त्या दाट पानांखाली तो बराच कमी झाला.

प्लॅस्टिकचा विषय निघालाच आहे तर तेही. मिरचीच्या एका गादीवाफ्यावर २५ मायक्रॉनचा चंदेरी-काळा मल्चिंग पेपर अंथरला होता. तण रोखण्यात तो पाचटाच्या पुढे आहे, यात वाद नाही. चंदेरी बाजू वर ठेवली की उजेड पानांखालून परततो, त्याने मावा आणि पांढरी माशी बिचकतात. पण तण रोपाच्या भोकातून उगवतं, अगदी खोडाला चिकटून, आणि तिथे खुरपं चालत नाही, बोटांनीच काढावं लागतं. खाली ठिबकची नळी नसेल तर पाणी-खत देणं अवघड. आणि हंगाम संपल्यावर कागद काढायला गेलं की तो फाटतो. चिंध्या मातीत राहतात, मातीने माखलेला तो कागद भंगारवालाही घेत नाही. एकरात मिरची करणाऱ्याला हिशेब जुळत असेल. परसबागेत मला तो परत नको.

आता पावसाळ्याची अडचण. जुलैच्या झडीत भारी जमिनीवर ४ इंचांचा थर म्हणजे भिजलेली गोधडी. माती वाफशावर येतच नाही. टोमॅटोची खालची पानं सडली, मिरचीत मर (उभं रोप कोमेजून जाण्याचा रोग) दिसली, आणि पाचटाखाली गोगलगायी जमल्या. रात्री निघून त्या कोवळी रोपं बुडख्यातून खातात. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी वाफ्यात टाकायची आणि सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी मिठाच्या पाण्यात बुडवायच्या, हा उपाय चालतो, पण रोज करावा लागतो. थर निम्मा केला तेव्हा रोपं सावरली. थर पातळ झाला की तण डोकं काढतंच. म्हणजे पावसाळ्यात पातळ थर अधिक एक-दोन हलक्या खुरपण्या, हाच मध्यममार्ग. मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीत हा त्रास बराच कमी होईल. कोकणात भर पावसात काय होईल याचा विचार आधी करा.

गणपतीपर्यंत पाचट कुजून जेमतेम इंचभर उरलं. पाऊस ओसरताच नवा जाड थर दिला आणि तिथून चित्र पालटलं. रब्बीच्या वांग्यात, कोबीत खुरपं जवळजवळ लागलंच नाही. पाण्याच्या दोन पाळ्यांमधलं अंतर वाढलं. जुन्या थराखालची माती भुसभुशीत, गांडुळांनी भरलेली. नैसर्गिक शेती शिकवणारे सुभाष पाळेकर जीवामृत, बीजामृत या शेण-गोमूत्राच्या द्रावणांच्या जोडीने आच्छादन आणि वाफसा एका रांगेत का धरतात, ते इथे हाताला कळतं. हिवाळ्यात वाळवीवर लक्ष ठेवा, थर फार कोरडा राहिला की ती येते. पाचट उचलताना काठी वापरा, विंचू असतो.

इतर काय काय टाकून पाहिलं: सोयाबीनचं भुसकट बरं, पण राहिलेले दाणे उगवतात. बांधावरचं वाळलं गवत बी धरलेलं असेल तर घरात तण विकत आणल्यासारखंच. भाताचं तूस जोराच्या सरीत वाहून गेलं. वाफ्यांमधल्या वाटांवर पुठ्ठे, चिकटपट्ट्या काढून, आणि त्यावर पाचट ही जोडी उत्तम. वाटेवर पीक नसल्यामुळे तिथे थर हवा तेवढा जाड देता येतो.

मेथी-कोथिंबिरीला हे काही उपयोगाचं नाही. फेकून पेरलेल्या बियांवर थर दिला तर भाजीही उगवत नाही. तिथे खुरपणी आहेच.

घ्यायचं असेल तर मार्च-एप्रिलमध्येच फडवाल्याला सांगून ठेवा. अलीकडे पाचटाचे गठ्ठे बांधून नेणारी यंत्रं फडात दिसू लागली आहेत. जूनमध्ये शोधायला निघालात तर हाती काही लागणार नाही.