जांभ्याच्या मातीतील धातुशोधक यंत्र

गेल्या हंगामात भातकापणी आटोपल्यावर दापोलीजवळच्या आमच्या खाचरांत मी एका स्वस्त, एकाच वारंवारितेवर चालणाऱ्या धातुशोधक यंत्राची चाचणी घेतली. कोकणात अशा यंत्राची परीक्षा नाण्यापेक्षा मातीच अधिक घेते. जांभ्यात लोहाची संयुगे भरपूर असल्यामुळे जमीनच सतत संकेत देत राहते आणि ज्या यंत्रात मातीनुसार समतोल जुळवण्याची सोय नाही, ते कातळाच्या कडेला नुसते किंचाळत बसते. माझ्या यंत्रात ती सोय नव्हती. संवेदनशीलता निम्म्यावर आणल्यावर गोंगाट थांबला खरा, परंतु मुद्दाम पुरून ठेवलेला ब्रिटिशकालीन तांब्याचा पाव आणा वीतभर खोलीवर त्याला उमगेना. चार बोटांवर मात्र त्याने तो अचूक दाखवला. ओल्या पुळणीत खाऱ्या पाण्यामुळे अवस्था याहून वाईट झाली.

लोखंड वगळण्याची सोय चांगली आहे. बैलांच्या नालांचे तुकडे त्याने मुकाट्याने ओलांडले, गुटख्याच्या पुड्यांची चंदेरी वेष्टणे मात्र त्याला नाणीच वाटली! वजन आणि बॅटरीविषयी तक्रार नाही.

विक्रेत्याने एक गोष्ट सांगितली नाही: १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला, दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावा लागतो. त्यामुळे शिवराई मिळाली तरी ती परस्पर खिशात घालता येत नाही. जांभ्याच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी थोडे अधिक पैसे घालून समतोल जुळवता येणारे यंत्रच घ्यावे.