भावनांच्या चकत्या: 8 घेतल्या, कामाच्या निघाल्या 2

नातू 6 वर्षांचा आहे. ऑटिझम आहे, बोलणं अजून आलेलं नाही. मनात काय चाललंय ते चकती उचलून सांगता यावं, म्हणून सुनेने हा संच ऑनलाइन मागवला. 1,450 रुपयांत लाकडाच्या 8 चकत्या, लहान तळहातात मावतील एवढ्या. सहांवर काही ना काही चिकटवलेलं, दोन कोऱ्या. सोबत पुस्तिका: मखमल म्हणजे आनंद, पॉलिश पेपर म्हणजे राग, काथ्या म्हणजे भीती, वगैरे.

हे कोणी ठरवलं, देव जाणे. आमच्या पठ्ठ्याला पॉलिश पेपरवर नखं घासायला भारी आवडतं. पहिले पंधरा दिवस त्याने ती चकती उचलली की आम्ही सगळे "काय झालं राजा, कोणाचा राग आला?" करत गोळा व्हायचो, आणि हा खदखदून हसत असायचा. मखमलीला मात्र हात लावत नाही, शहारतो.

थेरपिस्ट ताईंनी मग उलगडून सांगितलं. वस्तू मुलाच्या रोजच्या अनुभवातली हवी. नेदरलँड्समध्ये यान व्हान डाइक यांनी ज्यांना दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही अशा मुलांबरोबर काम करताना हीच वाट धरली होती. जेवणाआधी दर वेळी हातात चमचा दिला, की चमचा म्हणजे जेवण हे मुलाला कळतं. पण काथ्याचा आणि भीतीचा काय संबंध?

मी 30 वर्षं शिवणकाम केलंय. एका कोऱ्या चकतीवर त्याच्या गोधडीचा काठ लावला, कारण घाबरला की तो गोधडीतच शिरतो. दुसरीवर माझ्या जुन्या सुती साडीचा पदर. दुपारी आडवी होताना ती चकती हातात धरून म्हणते, "आजी दमली." त्याची परीक्षा घ्यायची नाही, "सांग, आत्ता कुठली?" असं विचारायचं नाही, हे ताईंनी बजावलं होतं. तो गोधडीत शिरला की मी फक्त चकती त्याच्या हाताखाली सरकवायची.

दीड महिना काहीच नाही. मग एका सकाळी चटणीसाठी मिक्सर लावला. एरवी अशा वेळी तो स्वतःचं मनगट चावतो. त्या दिवशी धावत आला आणि गोधडीची चकती माझ्या पोटावर दाबून धरली. मिक्सर बंद केला. चटणी खलबत्त्यात कुटली, जाडीभरडी झाली, कोणी तक्रार केली नाही.

टॅबवर आयआयटी मुंबईचं जेलो अ‍ॅपही आहे, चित्रावर बोट ठेवलं की शब्द बोलून दाखवणारं, मोफत आणि मराठीत. पाणी, खाऊ मागायला तो ते वापरतो. पण बिनसलं की स्क्रीनकडे बघतच नाही, तेव्हा चकतीच.

संचाच्या तक्रारी: आठवडाभर गोंदाचा वास येत होता. काथ्याचे धागे सुटतात, तोंडात घालणाऱ्या मुलाला ती चकती देऊच नका. कोऱ्या चकत्यांचं वेलक्रो उखडलं, मी पुन्हा चिकटवलं. नुसत्या कोऱ्या चकत्या मिळतील का विचारलं, तर सुट्या विकत नाही म्हणाले. पाचपैकी दोन तारे, तेही त्या दोन कोऱ्यांसाठी.

आता गल्लीतल्या सुताराने उरलेल्या प्लायच्या सहा चकत्या कापून दिल्यात. कडा घासायला त्याने पॉलिश पेपर आणला होता. उरलेला तुकडा नातवाने पळवला.